लिफाफा आला असेल तर उघडू नकोस

॥ लिंबागणेशचा गणपती प्रसन्न ॥

मु. पो. चौसाळा, ता. जि. बीड
१२ जानेवारी, भोगीच्या आदल्या दिवशी, दुपारी

चि. सौ. वनमाला हीस उमापूर मुक्कामी थोरला भाऊ सुंदरराव याचे अनेक उत्तम आशीर्वाद. (मागच्या वीस महिन्यांत तू एकही घेतलेला नाहीस, म्हणून साठलेले सगळे एकदमच पाठवतो आहे.) इकडे सर्व खुशाल. तुझी वहिनी खुशाल, गुडघा सोडून. सूनबाई वर्षाराणी खुशाल. म्हैस खुशाल. मी कसा आहे हे विचारायची तुझी रीत राहिलेली नाही, तरी कळवतो की बरा आहे. तिकडे तुझी तब्येत, तुझ्या त्या सकाळच्या ओळीनं अकरा शिंका, आणि बद्रीनाथराव दाजींची प्रकृती व मिशा यांची खुशाली कळव. दाजींना माझा रामराम सांग. ते घेणार नाहीत हे मला ठाऊक आहे. तू आपला सांगून ठेव, रामराम काही नासत नाही.

आता फोन सोडून पत्र कशाला, असं तू म्हणशील. तर बाई, माझा फोन तू उचलत नाहीस. पोराच्या, सुरजच्या, फोनवरून केला, तर माझा आवाज ऐकून ‘राँग नंबर’ म्हणालीस. (सख्ख्या भावाला! बरं, राँग नंबरला कुणी ‘इथं पुन्हा फोन करायचा न्हाई, सांगून ठेवते’ असं दम देऊन बोलतं का?) शिवाय खरं सांगायचं तर पंधरा वर्षं सरपंचकी केल्यानं मी तोंड उघडलं की ग्रामसभेचा आवाज लागतो. समजूत घालायला जातो आणि समोरच्याला वाटतं, पाणीपट्टी मागतोय. कागदावर तेवढा धोका नाही. तेव्हा आधी कामाचं लिहितो. आठ तारखेला मी तुझ्या नावानं एक पांढरा, जाडसर लिफाफा पोस्टात टाकला आहे. तो आला असेल तर उघडू नकोस. आला नसेल तर येईल, तेव्हा उघडू नकोस. कारण सांगतो, पण त्यासाठी जरा मागून यावं लागेल.

मागून म्हणजे बबिताच्या लग्नपत्रिकेपासून. (नाव काढताच तुझ्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. पडू देत.) तू काही विसरलेली नाहीस, पण हे पत्र दाजीही चष्मा लावून वाचतील म्हणून नीट लिहितो. माझ्या लेकीच्या पत्रिकेत एकशे बारा नावं होती. निमंत्रक होते, स्वागतोत्सुक होते, कृपाभिलाषी होते. कारखान्याचे आजी संचालक होते, माजी होते आणि होऊ घातलेलेही होते. या कशातच बद्रीनाथराव दाजी नव्हते. ते निघाले पार तळाला, फुग्यांच्या आणि चिमण्यांच्या चित्राशेजारी, जिथं लेकरांच्या नावानं ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ असं छापतात त्या किलबिल सदरात. पिंकी, गोलू, छकुली, बद्रीनाथ. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस, सोसायटीचा चेअरमन, कानाला टेकलेल्या मिशा. मांडवात कुणीतरी त्यांना ‘काय छकुली, जेवलीस का?’ म्हणालं. दाजी अक्षता पडल्याबरोबर न जेवता उठले, तू भाचीच्या पाठवणीला न थांबता त्यांच्या मागोमाग गेलीस, आणि त्या दिवसापासून चौसाळा ते उमापूर रस्ता बंद झाला. हा घोळ छापखानेवाल्याचा होता, असं मी तेव्हाही सांगत होतो आणि आजही सांगतो. बीडमध्ये एवढे छापखाने असताना मला तोच सापडला.

तेव्हापासून दोन दिवाळ्या झाल्या. दोन्ही भाऊबीजांना मी दाढी करून, धुवट टोपी घालून ओट्यावर बसलो होतो. (तुझ्यासाठी नव्हे. मला उन्हात बसायचं होतं.) आई गेल्यावर तुझं माहेर म्हणजे मी आणि तुझी वहिनी, दुसरं कोण आहे? आणि माझ्या बाजूनं बघितलं तर बहीण म्हणून एकच आहे, बदलून मिळत नाही. संक्रांत ही भांडण मिटवायला पंचांगानंच नेमून दिलेली तारीख. ती यंदा हुकली तर गेलं आणखी एक वर्ष, आणि बासष्टाव्या वर्षी माणसानं वर्षं अशी वाया घालवू नयेत. म्हणून मी मनाशी ठरवलं की यंदा संक्रांतीला वनमाला बोललीच पाहिजे. कसं, ते वर्षाराणीमुळं सुचलं.

सूनबाईचा उद्योग तुझ्या कानावर नसेल. ती हातानं भेटकार्डं करते. अल्कोहोल इंक म्हणून एक शाई मिळते. (नावावर जाऊ नकोस, ती पिण्याच्या कामाची नाही. आतापर्यंत गावातल्या पंधरा जणांनी विचारून झालं आहे, तू सोळावी होऊ नकोस.) फोटोच्या कागदासारख्या गुळगुळीत कागदावर तिचे दोन-चार थेंब टाकायचे, त्यावर स्पिरिटचा एखादा थेंब सोडायचा आणि केस वाळवायच्या यंत्रानं वारा मारायचा. रंग असा पळत सुटतो की बघत राहावं. मध्ये ढग होतात, कडेला बारीक गडद काठ उमटतो. कुठला रंग कुठं जाऊन थांबेल हे कुणालाच आधी सांगता येत नाही; आपल्या तालुक्यातल्या युतीसारखं, सगळं वाळल्यावरच कळतं कोण कुठवर पसरलं. मग तो कागद कापून कार्डावर डकवायचा आणि वर पांढऱ्या पेनानं दोन ओळी लिहायच्या. दोन कार्डं कधी सारखी होत नाहीत. तिला पुण्याहून मागण्या येतात. मी आधी हसलो होतो, कारण मी जन्मभर शुभेच्छा दिल्या त्या वीस बाय दहाच्या फ्लेक्सवर, हायवेच्या कडेला, हात जोडलेल्या फोटोसह. तळहाताएवढ्या कागदावर शुभेच्छा मावतील हेच मला पटेना. पण पाडव्याला तिनं बबिताला एक कार्ड पाठवलं आणि बबिताचा फोन आला तो हुंदके देतच. लग्नात मी पाच तोळे घातले तेव्हा ही पोरगी रडली नव्हती. तेव्हा मला कळलं की या कागदात काहीतरी आहे, आणि वनमालेला हेच पाठवायचं. आपल्या हातानं केलेलं. मध्ये छापखाना नको.

सासऱ्यानं सुनेकडं शिकवणी लावावी, असं आपल्या घराण्यात आजवर झालं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी कागदावर निळी बाटली अर्धी ओतली. वर्षाराणी फार सालस आहे, रागावली नाही, एवढंच म्हणाली, “मामा, थेंब म्हनले मी. तुमी तर कॅनॉलचं पानी सोडलं.” दुसऱ्या दिवशी थेंब बरोबर पडले आणि लाइट गेली. शाई तर वाळत चाललेली, वारा मारायला यंत्र बंद. मी जराही न डगमगता स्वयंपाकघरातून चुलीची फुंकणी आणली आणि जोर लावून फुंकर मारली. फुंकणीत आठवड्याची राख होती. ती सगळी कार्डावर, टेबलावर, सूनबाईच्या तोंडावर आणि शेजारी वाळत ठेवलेल्या पुण्याच्या बारा कार्डांवर जाऊन बसली. (ती पुण्याच्या लोकांना फार आवडली. आता ते ‘तसलीच पाठवा’ म्हणतात, आणि वर्षाराणी मला आठवड्यातून एकदा फुंकायला बोलावते.) बोटांचं म्हणशील तर आठ दिवस माझी पहिली दोन बोटं निळी होती. हायवेवरच्या हॉटेलात जो तो विचारी, मतदान कधी झालं, आमाला कावून न्हाई कळलं? शेवटी सूनबाईनं स्पिरिटच्या बोळ्यानं पुसून दिली. हे आठ दिवस आधीच करता आलं असतं, पण तिला वाटलं मी मुद्दाम मिरवतोय.

तिसऱ्या दिवशी मजकूर. मी आपल्या सवयीनं लिहिलं: ‘मकर संक्रांतीच्या हार्दिक हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: सुंदरराव, माजी सरपंच, तथा समस्त ग्रामस्थ व मित्रमंडळ’, आणि कोपऱ्यात माझ्या फोटोसाठी जागा सोडली. वर्षाराणीनं ते कार्ड हातात घेतलं आणि विचारलं, “मामा, आत्याबाईंला रुसवा काढायला पाठवायलाव का मतं मागायला?” मी पेन उचललं. मित्रमंडळ खोडलं. ग्रामस्थ खोडले. सरपंच खोडताना हात जरा अडखळला, पण खोडलं. उरला नुसता ‘सुंदरराव’. तोही तुला पुरे झाला नसता, म्हणून ‘दादा’ लिहिलं, आणि मग वर काय लिहायचं हे मला सुचेना.

मधल्या काळात एक वेगळंच लचांड झालं. ते स्पिरिट असं असतं की बाटली उघडली की सगळ्या घराला दवाखान्याचा वास लागतो. शेजारच्या बायनाबाई ताक मागायला आल्या, दारातच थबकल्या, नाकाला पदर लावला, आत मी खाटेवर पडलेला दिसलो (दुपारी जेवून माणूस पडणार नाही तर काय करणार?), आणि तशाच माघारी गेल्या. तासाभरात गावभर झालं की सुंदररावांना घरीच सलाइन लावलंय, माणूस काही बरा दिसत नाही. संध्याकाळपासून लोक भेटायला यायला लागले. बिस्किटांचे पुडे आले, शहाळी आली, पपया आल्या. माझ्या विरोधात तीनदा उभे राहिलेले गृहस्थ आले आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ. ऊसतोडीला गेलेल्या टोळ्यांपर्यंत खबर गेली. कोल्हापूरकडच्या फडातून आपल्या अजिनाथ मुकादमाचा फोन आला की भाऊ, येऊ का? आता वास्तविक मी पहिल्याच माणसाला खरं सांगायला हवं होतं. नाही सांगितलं. उलट दोन-चार वेळा कण्हलो. तुझ्या वहिनीनं डोळे वटारले, तरी कण्हलो. कारण माझा हिशेब असा होता की बातमी कोल्हापूरला पोचते तर उमापूरला पोचायला काय हरकत आहे. चार दिवस मी दाराकडं बघत पडून होतो, वनमाले. गेवराईकडून येणारी प्रत्येक गाडी मला ऐकू यायची. पाचव्या दिवशी कंटाळून उठलो आणि बिस्किटं म्हशीला घातली. तुला कळलंच नसणार, असं मी धरून चाललो आहे. तूही तसंच सांग.

उठलो तो सरळ कार्डाला बसलो. रंग कुठला घ्यायचा, यावर मला विचार करावा लागला नाही. खालच्या वावरात यंदा करडई आहे आणि ती आता भरात आहे. तू सात वर्षांची असताना असल्याच फुललेल्या करडईत घुसली होतीस. फुलं तोडायला म्हणून आत गेलीस आणि काट्यांनी पाय भरून मध्येच बोंबलत उभी राहिलीस. मी तुला खांद्यावर घेऊन बांधापर्यंत आणलं, माझे पाय फुटून निघाले, आणि तू वर बसून मलाच शिव्या देत होतीस की हळू चाल, फुलं सांडतायत. तोच रंग मला पाहिजे होता. हळदीसारखा पिवळा, त्यात कुठं कुठं शेंदरी होत गेलेला. किती कागद वाया गेले ते लिहीत नाही. शेवटी एकदा रंग पळाला तो मनासारखा थांबला. अगदी आपलं वावर, बांधावरून बघावं तसं. वर्षाराणी म्हणाली, मामा, हे माझ्याच्यानं पण झालं नसतं. आणि मजकूरही मग आपोआप सुचला. ‘तिळगूळ घ्या, गोड बोला’ हे मला लिहवेना. जी मुळात बोलतच नाही तिला गोड बोल म्हणून कसं सांगायचं? मी लिहिलं: ‘वने, कडू बोल. शिव्या दे. पण बोल. तुझा दादा.’ आठ तारखेला लिफाफ्यात घातलं, स्वतः पोस्टापर्यंत गेलो, पेटीत टाकलं, आणि लिफाफा आत पडल्याचा आवाज ऐकून मगच घरी आलो.

नऊ तारखेला सकाळी बायनाबाई पुन्हा ताकाला आल्या आणि जाता जाता तुझ्या वहिनीला म्हणाल्या, “ऐकलं का? औंदा संकरांत वाघावर बसून आली. पिवळं नेसलीय म्हनं. पिवळं लुगडं बाहेर काढू नका बरं का, अन् कुनाला दिऊ तर मुळीच नका.” मी ओट्यावर दात घासत होतो, तो तसाच राहिलो. वनमाले, तुला शपथेवर सांगतो, संक्रांत दरसाल नेसून येते, आणि ती ज्या रंगाचं नेसते तो रंग त्या वर्षी बायका अंगाला लावत नाहीत की दुसरीला देत नाहीत, हे मला बासष्ट वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पुरुषांच्या पंचांगात फक्त किती वाजता जेवायचं तेवढं असतं. आणि मी काय केलं होतं? आधीच रुसलेल्या, आधीच नवऱ्याचा अपमान झालेल्या सख्ख्या बहिणीच्या घरी, तिकीट लावून, ऐन संक्रांतीला पिवळं धाडलं होतं! तुझ्या वहिनीनं कपाळावर हात मारला. म्हणाली, “आता ती जल्मात येत न्हाई.”

मी तसाच, तोंडाला राखुंडी, पोस्टात गेलो. तिथल्या बाईंना सांगितलं की माझं पत्र परत द्या. त्या भल्या बाई आहेत, पण नियमाला पक्क्या. म्हणाल्या, “भाऊ, एकदा पेटीत पडलं का ते तुमचं राहत न्हाई. ज्याचं नाव त्याचं ते.” मी म्हणालो, अहो, त्यात संक्रांत आहे. त्यांनी विचारलं, द्रव पदार्थ आहे का? मी म्हणालो, होता, आता वाळलाय. तेव्हा त्यांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी निघून आलो. थैली तोवर बीडला गेलीही होती. कधी नव्हे ते पोस्ट वेळेवर चाललं होतं, आणि तेही नेमकं माझ्याच कामाला.

तर असा प्रकार आहे. सोबत दुसरं कार्ड ठेवलं आहे, ते हिरवं आहे. हिरव्याबद्दल बायनाबाई, तुझी वहिनी आणि देवळातले गुरव अशा तिघांकडं चौकशी केली. हिरव्याला यंदा कुणाची हरकत नाही. रंग जरा फिका आला आहे आणि कोपऱ्यात माझ्या अंगठ्याचा ठसा आहे, तो रद्द होत नाही. मजकूर तोच. संक्रांतीला येशील तर ये, न येशील तर तुझी मर्जी, मी काही पायघड्या घालून बसलेलो नाही. मला तुझ्यावाचून काही अडलेलं नाही. फक्त तुझ्या वहिनीला तिळाची चिक्की पातळ लाटता येत नाही आणि ते मी तिला सांगू शकत नाही, एवढीच अडचण आहे. दाजींना नमस्कार. घरातल्या लहानांना आशीर्वाद, मोठ्यांना दंडवत, आणि तू यांतली कुठली ते तूच बघ.

तुझा थोरला भाऊ,
सुंदरराव

ता. क. पहिला लिफाफा चुकून उघडलाच असेल तर बायनाबाईंचं म्हणणं असं की कार्ड घरात ठेवू नये, आणि पोस्टातल्या बाईंचं म्हणणं असं की ते आता तुझंच आहे. दोघींचा मान राखायचा तर ते दाजींच्या सोसायटीच्या कपाटात ठेव आणि रथसप्तमी झाली की घरी आण. फाडू मात्र नकोस. तसं कार्ड पुन्हा होणार नाही.

ता. क. दुसरा. छापखानेवाल्याचा दोष नव्हता. हे वाक्य लिहिताना मी चार कागद फाडले. यादी माझ्या हातची होती. एकशे अकरा नावं मी एका बैठकीत लिहिली. ज्यांनी मला पाडलं त्यांचीही लिहिली, आणि दाजींचं विसरलो. कच्ची प्रत आल्यावर तुझ्या वहिनीनं विचारलं, दाजी कुठायत? मी गडबडीत छापखान्यात फोन केला आणि म्हणालो, एक नाव राहिलंय, कुठं बी बसव. त्यानं जागा होती तिथं बसवलं. त्याचं काही चुकलं नाही. आणि एवढ्यावरही थांबत नाही. पत्रिका छापून आल्या तेव्हा मी ते बघितलं होतं. वाटण्याच्या आधी. पुन्हा छापायला दोन दिवस गेले असते. मी म्हणालो, जाऊ दे, घरचाच माणूस आहे, चालवून घेईल. बाहेरच्या एकशे अकरांपैकी एकाचंही नाव चुकीच्या जागी पडलं असतं, तर मी रात्रीतून पत्रिका बदलल्या असत्या. वनमाले, हे वीस महिने मला खातं आहे. दाजींना हे वाचून दाखव. नाही तर ते स्वतः वाचत असतील तर, बद्रीनाथराव, माझं चुकलं.

ता. क. तिसरा, हा तुज्या वैनीचा. माले, मी सावित्री. हे म्हशीकडं गेलेत तवर लिवते. तुजा भाऊ लिवतो येक अन् करतो येक. कार्ड येक केलं म्हनतो, माज्या टरंकंत सदतीस हायती, समद्यावर तुजंच नाव. दिवाळीला सुदिक गेवराईपातूर गेलता. स्टँडवर च्या पिऊन माघारी आला अन् मला म्हनला बियान्याच्या कामाला गेलतो. दिवाळीत कोन बियानं इकतं? माजी चिक्की जाड व्हती हे बी मला आज वाचूनच कळलं, ते मी बगून घेते. पर तू आता लई तानू नको माय. भांडायचं तर हितं यिऊन भांड, मी तुज्याकडून हाय.

ता. क. चौथा, १३ जानेवारी, भोगी, सकाळी, गेवराईच्या स्टँडवर. अक्षर वाकडं आहे कारण कागद मांडीवर आहे. तुझ्या वहिनीचं मी आत्ता वाचलं. सदतीस नव्हेत, एकोणचाळीस आहेत. दोन कणगीमागं आहेत. हे पत्र टपालात टाकलं असतं तर संक्रांत होऊन गेल्यावर मिळालं असतं. म्हणून स्वतःच घेऊन निघालो. या वेळी चहाही प्यायलेलो नाही, म्हटलं चहा प्यायलो की पाय माघारी वळतील. उमापूरची गाडी लागली आहे. घरी आलो की हे पाकीट तुझ्या हातात देईन आणि तू वाचेस्तोवर बाहेर बसेन. दाजींनी ‘या’ म्हटलं तर खाटेवर, नाही म्हटलं तर पायरीवर. एवढं लांबलचक वाचताना तू मध्येच उठून गेली नसशील, तर आता इथपर्यंत आली असशील. तोंडानं काही बोलू नकोस, मला रडू येईल आणि दाजींसमोर ते बरं दिसायचं नाही. कागद खाली ठेव आणि तांब्याभर पाणी घेऊन बाहेर ये. सकाळपासून काही घेतलेलं नाही.